कर्मणी प्रयोग

रात्री तोंड धुताना फेसवॉश डोळ्यात गेला. चाचपडत नळ सोडला, ओंजळीमागून ओंजळ पाणी मारलं, आणि डोळा लाल झाला असला तरी शाबूत आहे अशी खात्री पटल्यावर रागारागाने बाटली उचलून मागचा मजकूर वाचला. 'डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे.' ते तर झालंच होतं. त्याखाली जरा ठळक अक्षरांत: 'प्राण्यांवर चाचणी केली जात नाही.' आणि शेजारी सशाचं गोजिरवाणं चित्र.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं तपासते, त्यामुळे वाक्यात कर्ता सापडला नाही की मला चैन पडत नाही. 'केली जात नाही', पण कोणाकडून? व्याकरणात या रचनेला नवीन कर्मणी म्हणतात. तिच्यात कर्त्याला 'कडून' लावायचं असतं. इथे 'कडून'ची जागाच रिकामी होती. कर्ता लपवायचा असेल तर भाषेत याहून चांगली सोय नाही. प्राण्यांवरचा प्रयोग आणि वाक्यातला प्रयोग यांना मराठीत एकच शब्द आहे हे माझ्या तोवर कधी लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या सशाच्या मागे लागले. सौंदर्यप्रसाधनं आणि ससा यांचा संबंध कुठून आला, हे वाचताना माझा लाल डोळा मला सतत आठवत राहिला. 1944 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांनी एक चाचणी बसवली. सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा, आणि मग पुढचे काही दिवस लाली, सूज, स्राव, कॉर्नियाचा (डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याचा) धुरकटपणा यांना गुण द्यायचे. एकूण 110 गुण, त्यांतले 80 एकट्या कॉर्नियाचे. घालायचा द्रव एक दशांश मिलिलीटर, म्हणजे दोन-तीन थेंब. माझ्या डोळ्यात गेला त्याहून फार वेगळा नसावा. फरक इतकाच की मला हात होते आणि समोर नळ होता. ससा माणसापेक्षा फारच कमी वेळा पापणी मिटतो, आणि चाचणीच्या वेळी त्याला मान हलवता येऊ नये अशा चौकटीत बसवत. निरीक्षण 21 दिवसांपर्यंत चालायचं.

मी हे वाचून संतापले, आणि संताप आला की मी दुसरी बाजू शोधते. ही धंद्यातली खोड आहे. दुसरी बाजू अशी की या चाचण्या कोणी विकृत आनंदासाठी सुरू केल्या नव्हत्या. 1930च्या दशकात अमेरिकेत 'लॅश लूर' नावाचा पापण्यांच्या केसांना लावायचा रंग विकला जात होता. त्यात पॅराफेनिलीनडायअमाइन नावाचं रसायन होतं. त्याने बायकांचे डोळे गेले, एक मृत्यूही झाला. तेव्हा सौंदर्यप्रसाधनांवर कायद्याचा अंकुशच नव्हता. 1938 मध्ये कायदा आला, त्यामागच्या प्रकरणांत हेही एक होतं. म्हणजे 'सुरक्षित आहे का' हा प्रश्न खराच होता. त्याचं उत्तर कोणाच्या डोळ्यांत शोधायचं, एवढाच वाद आहे.

त्या आठवड्यात मी कपाट रिकामं केलं. फेसवॉश, दोन क्रीम, सनस्क्रीन, चार लिपस्टिक (एक तर कधीची, वास यायला लागला होता), काजळ, मस्कारा, शॅम्पू, केसांचा रंग, नेलपॉलिश, भेट आलेले आणि कधीच न उघडलेले परफ्यूम. टेबलावर मांडल्यावर एकोणीस निघाले. मी स्वतःला साधीसुधी बाई समजत होते. पाच वस्तूंवर ससा होता आणि पाचही ससे वेगळे. एक बसलेला, एक पळणारा, एकाचे नुसते कान, एकाला चक्क मिशा.

इथे पहिली चूक केली. ससा असलेल्या पाच वस्तू बाजूला ठेवून मी निश्चिंत झाले. भाचीने ते स्वप्न मोडलं. ती प्रयोगशाळेत काम करते. टेबलाकडे पाहून म्हणाली, "मावशी, ससा कुणीही काढू शकतं गं. त्याला कायद्यात काही अर्थच नाही बहुतेक ठिकाणी." खरंच नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनच सांगतं की 'क्रुएल्टी-फ्री' म्हणजे क्रूरतामुक्त, या शब्दांची कायदेशीर व्याख्या नाही. चित्र काढायला तर परवानगीसुद्धा लागत नाही, ते एखाद्या संस्थेचं नोंदवलेलं बोधचिन्ह नसेल तोवर. म्हणून चित्र न बघता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत कंपनीचं नाव शोधायचं. माझ्या पाच सशांपैकी यादीत सापडले दोन. मिशावाला ससा कुठल्याच संस्थेचा नव्हता.

मग मी कंपन्यांना पत्रं लिहायला घेतली. एकूण अकरा. उत्तरं आली सात, त्यांतली तीन शब्दशः एकसारखी, जणू एकाच साच्यातून काढलेली. उत्तरं इंग्रजीत होती आणि मी सवयीने मनात मराठी करत वाचत होते. खरं सांगायचं तर मला जे काही कळलं ते या भाषांतरातच कळलं. मराठी करायचं म्हणजे कर्ता ठरवावा लागतो, काळ ठरवावा लागतो, आणि मुख्य म्हणजे क्रिया स्वतः केली की दुसऱ्याकडून करवली हेही ठरवावं लागतं.

एका मोठ्या कंपनीचं उत्तर: आमच्या तयार उत्पादनांची आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही. छान वाक्य, कर्ता आहे. पण 'तयार उत्पादन' हे कर्म बघा. क्रीम तयार होतं ते पंधरा-वीस घटकांपासून, आणि घटक बनवणारे कारखाने वेगळे. चाचणी होते ती बहुतेक वेळा घटकाची, तीही नवा घटक बाजारात येताना. तयार क्रीम सशापर्यंत जातच नाही. तेव्हा ते वाक्य शंभर टक्के खरं होतं आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नव्हतं.

दुसरीचं: आम्ही चाचण्या करत नाही. बरं, करवता का? मराठीत प्रयोजक क्रियापद आहे म्हणून हा प्रश्न दोन अक्षरांत विचारता आला. 'करणे' आणि 'करवणे'. बाहेरच्या प्रयोगशाळेला पैसे देऊन करवून घेतलेल्या चाचणीबद्दलही 'आम्ही केली नाही' असंच म्हणता येतं. मी परत लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

तिसरीचं वाक्य सर्वांत लांब होतं आणि शेवटी एक शेपूट होतं: 'कायद्याने आवश्यक असेल तिथे वगळता.' हे शेपूट मला नंतर इतक्या ठिकाणी भेटलं की आता ते दुरूनच ओळखू येतं. त्याचा अर्थ बराच काळ एकच देश असा होता, चीन. तिथे आयात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करणं वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. कंपनी स्वतः करत नव्हती, तिथल्या प्रयोगशाळा करत आणि कंपनी संमती देई. 2014 मध्ये तिथेच बनणाऱ्या साध्या प्रसाधनांना सूट मिळाली. 1 मे 2021 पासून आयात होणाऱ्या शॅम्पू, लिपस्टिक, क्रीम अशा साध्या वस्तूंनाही ती सूट मिळू शकते, मात्र त्यासाठी उत्पादन पद्धतीबद्दलचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. केसांचा रंग, सनस्क्रीन, त्वचा उजळवणारी क्रीम यांची गणना 'विशेष' प्रसाधनांत होते, त्यांना ही सूट नाही. म्हणून 'चीनमध्ये विकतात म्हणजे वाईट' हा जुना सरधोपट नियम आता पुरेसा नाही. काय विकतात, कुठल्या मार्गाने विकतात, हे विचारावं लागतं. शेपूट मात्र अजून तसंच चिकटलेलं आहे.

मी यादी करत होते तेव्हा एक गोष्ट मनात घोळत होती. इतके देश बंदी घालून बसले आहेत, मग मला हे सगळं का करावं लागतंय? ब्रिटनने 1998 मध्येच या चाचण्या थांबवल्या. युरोपीय संघाने 2004 मध्ये तयार उत्पादनांच्या, 2009 मध्ये घटकांच्या चाचण्यांवर बंदी आणली, आणि 11 मार्च 2013 पासून प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधनं विकण्यावरही. भारताने 2014 मध्ये आधी चाचणीवर आणि मग त्याच वर्षी अशा आयातीवर बंदी घातली. ऑस्ट्रेलिया 2020, कॅनडा 2023. भाची म्हणाली, "मावशी, घटक फक्त क्रीममध्ये थोडाच असतो? तोच रंगात असतो, साबणात असतो, औषधात असतो. त्याच्यासाठी रसायनांचा कायदा वेगळा."

त्या वेगळ्या कायद्याची गाठ मला माझ्या सनस्क्रीनच्या नळीवरच सापडली. युरोपात रसायनांच्या नोंदणीचा 'रीच' नावाचा कायदा आहे. सिमराइज ही जर्मन कंपनी ऊन अडवणारे दोन घटक बनवते, होमोसॅलेट आणि इथाइलहेक्साइल सॅलिसिलेट. ते फक्त सौंदर्यप्रसाधनांतच वापरले जातात. तरीही कारखान्यात ते हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षेसाठी प्राण्यांवर चाचण्या करा, असं युरोपीय रसायन संस्थेने कंपनीला सांगितलं. कंपनी भांडली, अपिलात हरली, न्यायालयात गेली, आणि 22 नोव्हेंबर 2023 रोजी तिथेही हरली. म्हणजे ज्या युरोपात अशी प्रसाधनं विकायला बंदी आहे, त्याच युरोपात फक्त प्रसाधनांत लागणाऱ्या घटकाची चाचणी करायला लावली जाते, कारण कामगार म्हणजे ग्राहक नव्हे. माझ्या सनस्क्रीनमध्ये हे दोन्ही घटक होते. नळीवर ससाही होता. मी बराच वेळ ती नळी हातात घेऊन बसले होते. यात नेमका कोणाला दोष द्यायचा? कंपनीला तर चाचणी करायचीच नव्हती.

सनस्क्रीन बदललं. आता झिंक ऑक्साइडचं वापरते. चेहऱ्यावर पांढरट थर राहतो आणि फोटोत मी पिठात तोंड घातल्यासारखी दिसते. आणि झिंक ऑक्साइडचा कधीकाळी कुठल्या प्राण्यावर प्रयोग झाला नसेल असं नाहीच. आज बाजारात रुळलेल्या घटकांतले बहुतेक कधी ना कधी त्या वाटेने गेलेले आहेत. मागे जाऊन ते पुसता येत नाही. म्हणूनच मला 'लीपिंग बनी' या प्रमाणपत्राचा निकष पटला. त्यात कंपनीला एक ठराविक तारीख जाहीर करावी लागते. त्या तारखेनंतर कंपनीने, तिच्या प्रयोगशाळांनी आणि घटक पुरवणाऱ्यांनी प्राण्यांवर चाचणी करायची नाही, करवायची नाही आणि तिच्यात सहभागीही व्हायचं नाही. ही हमी दर वर्षी नव्याने द्यायची आणि बाहेरच्या तपासनिसाला कागद उघडून दाखवायचे. या निकषामागची उत्तर अमेरिकेतली संघटना 1996 मध्ये आठ प्राणिसंरक्षण संस्थांनी मिळून उभी केली. कर्ता, प्रयोजक, काळ, तिन्हींचा बंदोबस्त. कुणी व्याकरण जाणणाऱ्या माणसानेच हे कलम लिहिलं असावं असं मला उगाच वाटतं.

दुसऱ्या काही याद्या मुख्यतः कंपनीच्या लेखी हमीवर चालतात. त्या वाईट नाहीत, पण माझ्यासारख्या संशयी बाईला पुरत नाहीत.

मालकीचा गुंता मी थोडक्यात आटपते, कारण त्यात माझं अजून एक मत ठरलेलं नाही. छोटी, प्रमाणपत्र असलेली कंपनी मोठी कंपनी विकत घेते. प्रमाणपत्र छोटीचं असतं, मोठीचं नसतं. 'द बॉडी शॉप' 2006 मध्ये लॉरिआलने घेतली तेव्हा तिच्या निष्ठावान ग्राहकांत बहिष्काराची भाषा झाली होती. पुढे 2017 मध्ये ती ब्राझीलच्या नातुराकडे गेली. एक मत असं की पैसा शेवटी वरच्या खिशात जातो. दुसरं असं की मोठ्यांना दिसू दे, असलाच माल खपतो म्हणून. बहीण पहिल्या मताची आहे, भाची दुसऱ्या. दोघी समोरासमोर आल्या की मी हा विषय काढत नाही.

लिपस्टिकने मला वेगळ्याच जागी पकडलं. प्रमाणपत्र असलेली एक लाल लिपस्टिक आणली, लावली, आरशात बघून खूश झाले. मग घटकांच्या यादीत दिसलं 'सीआय 75470'. शोधलं तर कारमाइन. कोचिनील नावाचे, निवडुंगावर जगणारे किडे वाळवून, कुटून काढलेला लाल रंग. प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, हे खरंच. प्राणी आतच आहे. 'चाचणी नाही' आणि 'प्राणिजन्य काही नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी, आणि मी इतके महिने त्या एकच धरून चालले होते. उलटही होऊ शकतं. पूर्ण वनस्पतिजन्य वस्तूची चाचणी झालेली असू शकते. मग लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीचा मेण, मोत्यासारखी चमक देणारं ग्वानीन माशांच्या खवल्यांचं, स्क्वालीन पूर्वी शार्कच्या यकृतातून काढत आणि आता ऑलिव्ह किंवा उसापासूनही मिळतं, असं सगळं कळत गेलं. त्या लिपस्टिकचं काय केलं? संपवली. माझा प्रश्न चाचणीचा होता, आणि एका वेळी एकच प्रश्न धरायचा असं ठरवलं होतं. भाचीने भुवया उंचावल्या होत्या, हे नोंदवून ठेवते.

तिनेच मला पर्यायी चाचण्या समजावल्या. मला वाटायचं, प्राणी नाहीत म्हणजे संगणकावर काहीतरी आकडेमोड. ती म्हणाली, "अगं नाही, आम्ही कातडी वाढवतो." शस्त्रक्रियेत उरलेल्या माणसाच्या त्वचेतल्या पेशींपासून थरावर थर असलेला छोटा तुकडा तयार करतात. त्यावर पदार्थ लावायचा, धुवायचा, मग एक पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात. जांभळेपणा मोजला की किती पेशी जगल्या ते कळतं. निम्म्या किंवा त्याहून कमी जगल्या तर पदार्थ दाहक. ससा सांगायचा ते सशाच्या डोळ्यांबद्दल, हे निदान माणसाच्या कातडीबद्दल तरी सांगतं. डोळ्यांसाठीच्या एका मान्य पर्यायात मात्र कत्तलखान्यातून आणलेल्या गाईगुरांच्या डोळ्यांचा कॉर्निया वापरतात. हे ऐकून मी गप्प झाले. भाची म्हणाली, "तो प्राणी यासाठी मारलेला नसतो, मावशी." हो, नसतो.

केसांच्या रंगाचा प्रश्न सुटला तो तत्त्वापेक्षा आळसाने. रंगात तेच पॅराफेनिलीनडायअमाइन होतं, लॅश लूरमधलं. खोक्यावर लिहिलं होतं की वापरण्याआधी 48 तास थोडा रंग त्वचेवर लावून बघावा. म्हणजे त्या खोक्यावरची एकमेव उघड चाचणी माझ्यावरच करायची होती. ती मी कधीच केली नव्हती. कंपनी चीनमधल्या 'विशेष' प्रसाधनांच्या बाजारात आहे का, हे विचारणारं पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, तोवर मुळांपाशी दोन बोटं पांढरं दिसायला लागलं आणि मग पुढचंही राहू दिलं.

जुन्या वस्तू फेकल्या नाहीत. फेकून कुठल्याच सशाचं भलं होणार नव्हतं. संपत गेल्या तशा बदलल्या. सात महिने लागले आणि एकोणिसाच्या आठ झाल्या, कारण प्रत्येक वस्तूसाठी पत्रव्यवहार करायचा म्हटलं की माणूस आधी विचार करतो, ही लागते का नक्की. फेसवॉश सर्वांत आधी गेला, अर्थात.

शेवटी राहिलं काजळ. यादीतल्या कंपन्यांची दोन काजळं डोळ्यांना चुरचुरली. मग एका लहान कंपनीला पत्र लिहिलं, जिच्यावर ससा नव्हता, प्रमाणपत्र नव्हतं, काहीच नव्हतं. प्रश्न आता मला पाठ झाले होते: तुम्ही चाचणी करता का, कोणाकडून करवता का, घटक पुरवणारे करतात का, कधीपासून करत नाहीत, आणि त्याचा कागद आहे का. चार दिवसांत उत्तर आलं, खाली माणसाचं नाव असलेलं. लिहिलं होतं: आमच्या काजळात नऊ घटक आहेत. सात पुरवठादारांची लेखी हमी आमच्याकडे आहे, तारखेसह. दोघांकडे आम्ही आजवर मागितलीच नव्हती. तुमचं पत्र आल्यावर मागितली आहे.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. 'आम्ही आजवर मागितलीच नव्हती.' कर्ता जागच्या जागी.

तीन आठवड्यांनी दुसरं पत्र. एकाची हमी आली. दुसरा द्यायला तयार नाही, त्याच्या जागी नवा पुरवठादार बघतोय, तोवर तुम्ही हे काजळ घ्या असं आम्ही म्हणणार नाही.

घेतलेलं नाही अजून. दर महिन्याच्या एक तारखेला त्यांना एका ओळीचं पत्र टाकते: नवव्याचं काय झालं?